घरच्या फ्रीझरमध्ये फळं गोठवताना चव कशी टिकवायची

फ्रीझरमधून काढलेली स्ट्रॉबेरी वितळली की मऊ पडते. ते घरी टाळता येत नाही. पण ती पाणचट लागावी, तिला जुनाट वास यावा किंवा शेजारच्या डब्यातल्या लसणाचा दर्प तिच्यात उतरावा, असं मुळीच नाही. फळाचा पोत वेगळा आणि चव वेगळी. पोत थोडाफार जाणारच. चव मात्र नीट काळजी घेतली तर जवळजवळ जशीच्या तशी राहते. त्यासाठी तीन गोष्टी सांभाळायच्या: फळ झटपट गोठलं पाहिजे, पिशवीत हवा राहता कामा नये आणि गोठल्यानंतर तापमान वरखाली होता कामा नये. पुढच्या सगळ्या कृती या तीन गोष्टींसाठीच आहेत. त्यामागचं कारण समजलं की यादीत नसलेलं फळही तुम्ही बिनधास्त गोठवू शकाल.

गोठताना फळात काय होतं

फळ म्हणजे बरंचसं पाणीच. केळ्यात ते सुमारे ७५ टक्के असतं, स्ट्रॉबेरी आणि कलिंगडात ९० टक्क्यांच्या वर. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. फळातल्या पाण्यात साखर आणि आम्लं विरघळलेली असल्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही. बराचसा बर्फ उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तयार होतो. या पट्ट्यात फळ जितका वेळ रेंगाळेल तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. वितळताना त्या फाटक्या भिंतींतून रस निथळून जातो, आणि चव तर रसातच असते. हा पट्टा लवकर ओलांडला की स्फटिक बारीक राहतात आणि रस बऱ्यापैकी आतच टिकतो. म्हणून वेगाला एवढं महत्त्व.

दुसरी गोष्ट एन्झाइमची, म्हणजे फळातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची. सफरचंदाची फोड काळी पडते ती एन्झाइम आणि हवा यांच्या संगनमताने. थंडीमुळे एन्झाइमचं काम मंदावतं, पण बंद पडत नाही. भाज्या गोठवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढतात ते यासाठीच. फळांना मात्र उष्णता दिली की शिजल्यासारखी चव येते, त्यामुळे तिथे व्हिटॅमिन सी आणि साखर यांच्यावर भिस्त ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट हवा. फ्रीझरमधली हवा अतिशय कोरडी असते. उघड्या फळावरचा बर्फ पाणी न होताच थेट वाफ होऊन उडतो आणि त्याच्यासोबत सुवासही जातो. मागे उरतो पांढुरका, चामट, बेचव डाग. यालाच फ्रीझर बर्न म्हणतात. असं फळ खाल्ल्याने अपाय होत नाही, पण त्यात चवही उरत नाही.

आधी फ्रीझर तपासा

फळं आणण्याआधी फ्रीझरमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवा आणि १२ तासांनी वाचा. तो उणे १८ किंवा त्याखाली दाखवायला हवा. अनेक फ्रीजवर चांदण्यांची खूण असते. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथी चांदणी असेल तरच तो कप्पा ताजे पदार्थ गोठवण्यासाठी बनवलेला असतो. तीन चांदण्यांचा कप्पा आधीच गोठलेलं सांभाळण्यासाठी. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा बहुधा एक किंवा दोन चांदण्यांचा असतो. त्यात फळं गोठतात, पण सावकाश, आणि काही आठवड्यांतच चव उतरते. तुमच्याकडे तेवढाच कप्पा असेल तर त्यात फक्त गर गोठवा आणि महिनाभरात संपवा. फोडींच्या वाटेला जाऊ नका.

उणे १२ आणि उणे १८ हा फरक किरकोळ वाटतो, पण चवीच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. उणे १८ ला वर्षभर बरी राहणारी स्ट्रॉबेरी उणे १२ ला दोन-तीन महिन्यांत रंग आणि वास दोन्ही गमावते.

एका वेळी किती माल घालायचा, याचीही मर्यादा पाळा. फ्रीझरच्या दर १०० लिटर क्षमतेमागे दिवसाला ३ ते साडेचार किलोपेक्षा जास्त कोमट माल नको. त्याहून जास्त घातला की आतलं तापमान चढतं, नवा माल सावकाश गोठतो आणि जुना मालही अर्धवट वितळतो. फळं मोसमात एकदम घरी येतात आणि ती एकदमच उरकून टाकाविशी वाटतात, पण तो मोह आवरा. दोन-तीन दिवसांत विभागून करा. राहिलेली फळं तोवर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात थांबू शकतात. फ्रीझरला जलद गोठवण्याचं बटण असेल तर फळं घालण्याच्या काही तास आधी ते सुरू करा.

कोणतं फळ घ्यायचं

पूर्ण पिकलेलं, सुवास सुटलेलं, पण हाताला घट्ट लागणारं. गोठल्यावर फळ पिकत नाही. आंबट, बिनवासाचं फळ आत ठेवलं तर तसंच बाहेर येतं, वर मऊही पडतं. खाऊन बघा. आत्ता ज्या फळाची चव तुम्हाला आवडत नाही, ते फ्रीझरमध्ये जागा अडवण्याच्या लायकीचं नाही.

घरी आणलेल्या ढिगाचे तीन भाग करा. घट्ट आणि पिकलेली फळं फोडींसाठी. मऊ पडलेली, पण वास उत्तम असलेली गरासाठी. बुरशी लागलेली, आंबूस वास येणारी सरळ टाकून द्या. बुरशीचा भाग कापून बाकीचं मऊ फळ वापरण्याचा विचारही नको. फ्रीझर जंतू मारत नाही, फक्त त्यांना थोपवतो.

धुणं आणि पुसणं

गार वाहत्या पाण्याखाली, थोडी थोडी, भरभर धुवा. भिजत घालू नका. पाण्यात बुडून राहिलेलं फळ पाणी पितं आणि चव पातळ होते. स्ट्रॉबेरीचे देठ धुतल्यानंतर काढा. आधी काढले तर त्या भोकातून पाणी आत शिरतं. रास्पबेरी चाळणीत एकाच थरात ठेवून हलक्या धारेखाली धरा. ब्ल्यूबेरी न धुता गोठवायची, कारण ओली गोठवली तर साल चामट होते. ती खाण्याआधी धुवायची.

मग पुसणं. ही पायरी लोक हमखास आटोपती घेतात आणि तिथेच पुढचं बिघडतं. सालीवर राहिलेलं पाणी गोठून फळांना एकमेकांशी चिकटवतं, त्याचीच पुढे पिशवीत बर्फाची भुकटी होते. स्वच्छ सुती कापडावर फळं एका थरात पसरा, वरून दुसरं कापड टेकवा, आणि पंख्याखाली १५-२० मिनिटं राहू द्या. फळाला बोट लावल्यावर ते कोरडं राहिलं पाहिजे.

चिरणं

दीड ते दोन सेंटिमीटरच्या, शक्यतो सारख्या आकाराच्या फोडी करा. मोठी फोड मध्यापर्यंत गोठायला वेळ घेते. फार बारीक फोड कोरडी पडते आणि वितळल्यावर लगदा होते. सुरी धारदार हवी, नाहीतर फळ चिरण्याऐवजी चेंगरतं आणि रस पाटावरच राहतो. भांडी स्टीलची किंवा काचेची वापरा. लोखंड, तांबं किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यात आंबट फळाला धातूची चव लागते, आणि ती गोठल्यावरही जात नाही.

ज्या फळाची फोड काळी पडते ते एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त चिरू नका.

ताटावर सुट्या फोडी गोठवणं

नवशिक्यांनी सुरुवात इथूनच करावी. यात साखर लागत नाही, वेगळं काही विकत आणावं लागत नाही, आणि नंतर हव्या तेवढ्याच फोडी काढता येतात.

धातूचं पसरट ताट किंवा बेकिंग ट्रे फ्रीझरमध्ये अर्धा तास आधी ठेवून गार करा. प्लास्टिकपेक्षा धातू उष्णता लवकर ओढून घेतो, त्यामुळे वेळ खूप वाचतो. चिरलेल्या फोडी झाकून फ्रीजमध्ये तासभर ठेवा. २५ अंशांवरून गोठवायला घेण्यापेक्षा ५ अंशांवरून घेणं केव्हाही बरं. मग ताटावर बटर पेपर घाला आणि फोडी एकमेकींना न चिकटता एका थरात मांडा. २० बाय ३० सेंटिमीटरच्या ताटात साधारण अर्धा किलो माल मावतो. ताट फ्रीझरच्या भिंतीलगत किंवा तळाशी, जिथे सर्वात जास्त गार असतं तिथे, सपाट ठेवा. वर दुसरं ताट रचायचं असेल तर मध्ये हवा खेळायला जागा ठेवा.

दोन सेंटिमीटरच्या फोडींना ३ ते ५ तास लागतात, आख्ख्या मोठ्या स्ट्रॉबेरीला ६ पर्यंत. झालं की नाही हे बघायला एक फोड मधोमध मोडा. आत ओलसर मऊ भाग दिसला तर अजून तासभर थांबा. इथे एक लक्षात घ्या: द्राक्षं, चेरी, आंबा अशी खूप गोड फळं उणे १८ लाही दगडासारखी होत नाहीत. साखरेमुळे त्यांच्यातलं थोडं पाणी द्रवच राहतं, त्यामुळे ती चावता येतात. ते कच्चं गोठल्याचं लक्षण नव्हे.

रात्रभरापेक्षा जास्त वेळ फोडी ताटावर उघड्या ठेवू नका. गोठल्या त्या क्षणापासून त्या कोरड्या पडायला लागलेल्या असतात.

भरणं

पिशवी आधीच फ्रीझरमध्ये गार करून ठेवा, तिच्यावर आधीच लिहून ठेवा, आणि ताट बाहेर काढल्यापासून दोन-तीन मिनिटांत भरणं संपवा. गोठलेल्या फोडीवर खोलीतली दमट हवा लगेच दव धरते. ते दव पिशवीत गेलं की त्याचाच बर्फ होतो.

पिशवी फ्रीझरसाठीच बनवलेली, जाड, झिपची हवी. साध्या पातळ प्लास्टिकमधून वास आरपार जातात. कांदा, लसूण, मासे ज्या फ्रीझरमध्ये आहेत तिथे तर पिशवीवर आणखी एक पिशवी घाला किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हवा काढण्यासाठी झिप जवळजवळ पूर्ण लावून कोपऱ्यात स्ट्रॉ घाला, हवा ओढून घ्या आणि स्ट्रॉ काढता काढता झिप बंद करा. पिशवी फोडींना घट्ट चिकटली म्हणजे जमलं. गर किंवा साखर लावलेली फळं असतील तर आणखी सोपं: उघडी पिशवी गार पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवत जा, पाण्याच्या दाबाने हवा आपोआप वर निघते, शेवटी तोंड पाण्याबाहेर असतानाच बंद करा. व्हॅक्यूमचं यंत्र असेल तर उत्तमच, पण त्यात फळ आधी ताटावर गोठवून मगच घाला. ताजी मऊ फळं त्या दाबाने चिरडतात आणि रस यंत्रात ओढला जातो.

एका पिशवीत एका वेळी वापराल तेवढंच भरा, २५० ग्रॅम हे सोयीचं माप आहे. पिशवी जितक्या वेळा उघडाल तितकी चव कमी होत जाईल. पिशवीवर फळाचं नाव, वजन, तारीख आणि साखर घातली असल्यास किती, हे लिहा. साखरेची नोंद नसेल तर सहा महिन्यांनी मुरंबा करताना अंदाजच बांधावा लागेल.

साखर केव्हा, पाक केव्हा

साखर घालण्यामागे गोड करण्याचा हेतू नसतो. ती फोडीभोवती दाट रसाचं आवरण करते, हवा अडवते, रंग आणि सुवास धरून ठेवते आणि पोतही थोडा बरा राखते. स्मूदी किंवा भाजण्याच्या पदार्थांसाठी फळं हवी असतील तर साखर नको, सुट्या फोडीच बऱ्या. पण स्ट्रॉबेरीचे काप, पीच, जर्दाळू अशी फळं वितळवून तशीच खायची असतील तर साखर खरोखर फरक पाडते.

१ किलो कापांना २०० ते २५० ग्रॅम साखर पुरते. पसरट भांड्यात हलक्या हाताने मिसळा आणि १५ मिनिटं थांबा. रस सुटून साखर विरघळली, कापांवर चकाकी आली की डब्यात भरा. साखर विरघळायच्या आत भरलीत तर ती तळाशी बसते आणि वरचे काप उघडे राहतात.

पाकासाठी ६०० मिलि पाण्यात ४०० ग्रॅम साखर विरघळवून पूर्ण गार करा. सुमारे ८५० मिलि पाक होतो. मुळात गोड असलेल्या फळांना ७०० मिलिला ३०० ग्रॅम एवढा हलका पाक पुरेसा आहे. अर्धा लिटरच्या डब्यात साधारण ३०० ग्रॅम फळ आणि १२० ते १६० मिलि पाक बसतो. आधी तळाला थोडा पाक, मग फळ, मग वरून पाक. फोडी वर तरंगतात आणि तरंगणारी फोड काळी पडते, म्हणून बटर पेपरचा चुरगळलेला तुकडा वर ठेवून त्या पाकाखाली दाबून धरा. झाकणाखाली जागा सोडायला विसरू नका: रुंद तोंडाच्या अर्ध्या लिटरच्या डब्यात दीड सेंटिमीटर, एक लिटरच्या डब्यात अडीच. अरुंद तोंड असेल तर त्याहून दीडपट. काचेची बरणी वापरायची तर सरळ भिंतींचीच घ्या. खांदे असलेली बरणी फुगणाऱ्या बर्फाला वाट देत नाही आणि तडकते.

काळं पडणारी फळं

सफरचंद, पेअर, पीच, केळं, जर्दाळू, अवोकाडो ही हवा लागताच काळवंडतात. यावर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सीची पूड. १ किलो फोडींसाठी सव्वा ग्रॅम पूड पाव कप गार पाण्यात विरघळवून फोडींवर शिंपडा आणि खालीवर करा. पूड न मिळाल्यास ५०० मिलिग्रॅमच्या बिनरंगी, बिनचवीच्या अडीच गोळ्या कुटून घ्या. पाणी गढूळ दिसेल, त्याने बिघडत नाही. चघळायच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या नकोत. पाकात घालायची असेल तर लिटरला दीड ग्रॅम, आणि तीही पाक पूर्ण गार झाल्यावर, कारण उष्णतेने ती नष्ट होते.

लिंबाचा रस सगळे सुचवतात. तो काम करतो, पण मुख्यतः त्याच्या आंबटपणामुळे. एका लिंबाच्या रसात व्हिटॅमिन सी १५-२० मिलिग्रॅमच्या आसपासच असतं. तेवढ्याच परिणामासाठी लिंबू इतकं लागेल की पेअरची नाजूक चव लिंबाखाली दबून जाईल. केळ्याला आणि अवोकाडोला लिंबू शोभतं, पेअर आणि पीचला व्हिटॅमिन सी घाला.

एकेका फळाबद्दल

स्ट्रॉबेरी आख्खी गोठवली तर सुवास जास्त टिकतो, कारण कापलेली बाजू हवेला कमी लागते. मोठी असेल तर दोन भाग, त्याहून लहान नको.

आंब्याच्या फोडी काळ्या पडत नाहीत, त्यामुळे ताटावर सरळ गोठवता येतात. रेषाळ किंवा फार मऊ आंब्याचा गर करावा. मिक्सर फार वेळ फिरवू नका. फेस म्हणजे गरात मिसळलेली हवा. गर पिशवीत भरून दोन सेंटिमीटर जाडीचा सपाट थर करा आणि आडवा गोठवा. सपाट पिशवी लवकर गोठते, लवकर वितळते आणि नंतर पुस्तकांसारखी उभी रचता येते. खरं सांगायचं तर, चव हाच निकष धरला तर कित्येक फळांसाठी गर हाच सर्वोत्तम मार्ग आहे: त्यात पोत जाण्याची भीतीच नाही आणि हवेला आत शिरायला फटीही नाहीत.

केळं सालीसकट गोठवू नका. साल काळी ठिक्कर पडते आणि नंतर सोलता सोलता आतला गर तिलाच चिकटतो. सोलून, चकत्या करून, लिंबाचा हात लावून गोठवा. सालीवर बारीक तपकिरी ठिपके आलेलं केळं सर्वात गोड आणि सुवासिक असतं. तीन महिन्यांच्या आत वापरा.

पीच सोलण्यासाठी उकळत्या पाण्यात ३० ते ६० सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, साल हाताने निघते. पेअरच्या फोडी उकळत्या पाकात एक-दोन मिनिटं घालून, निथळून, पूर्ण गार करून गार पाकात गोठवतात. कच्च्या पेअरचा पोत फ्रीझरमध्ये फारच ढासळतो. सफरचंद भाजण्यासाठी हवं असेल तर फोडी दीड-दोन मिनिटं वाफवून गार करा, मग ताटावर.

चेरीची बी काढूनच गोठवा. बी आत राहिली तर साठवणीत हळूहळू बदामासारखा वास फळात उतरतो. काहींना तो आवडतो, पण मग तो चेरीचा वास उरत नाही.

अननस फार गुणी फळ: काळं पडत नाही, सुवास सोडत नाही. मात्र त्यातलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम गोठल्यावरही जिवंत राहतं. त्यामुळे गोठवलेला कच्चा अननस जिलेटिनमध्ये घातला तर ते आळत नाही, आणि दुधात घालून ठेवला तर दूध कडवट होतं. किवी आणि पपईचंही तेच. अशा पदार्थांसाठी फळ आधी उकळी येऊन काही मिनिटं शिजवून घ्या.

संत्रं, मोसंबी यांच्या फोडी गोठवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पांढरी साल आणि बियांमधला कडवटपणा हळूहळू रसात उतरतो. रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवा आणि तीन-चार महिन्यांत संपवा. किसलेली साल छोट्या डब्यात वेगळी ठेवा, तिचा सुवास छान टिकतो.

द्राक्षं धुऊन, पुसून, आख्खी. डाळिंबाचे दाणे पूर्ण कोरडे करून एका थरात. कलिंगड वितळवून खायचं म्हणून गोठवू नका. ते गोठलेलंच मिक्सरमधून काढायचं असेल तरच.

साठवण

उणे १८ ला बहुतेक फळं ८ ते १२ महिने चांगली राहतात. त्यानंतरही ती सुरक्षित असतात, फक्त सुवास विरत जातो. फ्रीझरच्या दाराच्या कप्प्यात फळं ठेवू नका. दार उघडताना तिथलं तापमान सर्वात जास्त चढतं. दर वेळी तापमान चढलं की बारीक स्फटिकांचं टोक वितळतं, उतरलं की ते पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन गोठतं. असं वारंवार झालं की झटपट गोठवण्याची सगळी मेहनत वाया जाते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये ही चढउतार रोजचीच, म्हणून तिथे पिशव्या मागच्या बाजूला, एकमेकांना खेटून ठेवा आणि हवा काढण्यात कसूर करू नका.

बिघडलं तर कारण कुठे शोधायचं

फोडींचा गठ्ठा झाला असेल तर फळ ओलं होतं, किंवा पूर्ण गोठायच्या आत पिशवीत गेलं, किंवा मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलं. शेवटचं ओळखायची खूण म्हणजे पिशवीच्या तळाशी जमलेला रंगीत रसाचा बर्फ. पिशवीत पांढरी भुकटी दिसली तर हवा राहिली आहे. ती फळातूनच निघालेली असते, तेव्हा आधी ती पिशवी संपवा. वितळल्यावर फळ भसाभस रस सोडत असेल तर ते सावकाश गोठलं: फोडी मोठ्या होत्या, थर जाड होता किंवा फ्रीझर ठासून भरला होता. मध्यभागी तपकिरी आणि कडेला ठीक अशी फोड दिसली तर व्हिटॅमिन सी सगळीकडे पोचलं नाही. गोडवाच कमी वाटला तर घाबरू नका. थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, थोडं थांबून पुन्हा चाखा.

वितळवणं आणि वापरणं

पिशवी बंदच ठेवा, म्हणजे हवेतलं दव फळावर न धरता पिशवीवर धरेल. अर्ध्या किलोच्या पाकातल्या फळांना फ्रीजमध्ये ६ ते ८ तास लागतात. घाई असेल तर बंद पिशवी गार वाहत्या पाण्याखाली अर्धा ते एक तास. तशीच खायची असतील तर मध्ये थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच वाढा. पूर्ण वितळेपर्यंत थांबलात तर फोडी मलूल होतात. सुटलेला रस फेकू नका, सगळा सुवास त्यातच आलेला असतो.

केक किंवा पायमध्ये फळ न वितळवता घाला. फोडी चमचाभर मैद्यात घोळवल्या की तळाशी कमी बसतात आणि रंग पिठात कमी उतरतो. भाजायला मात्र काही मिनिटं जास्त लागतील. जॅमसाठीही फळ गोठलेलंच पातेल्यात घाला, पण वजन गोठवण्यापूर्वीचं धरा. निथळलेल्या फळाचं वजन धरलं तर साखरेचं प्रमाण चुकतं. गोठवलेल्या फळाची आळण्याची ताकद थोडी कमी झालेली असते, तेव्हा लिंबू किंवा पेक्टिन (फळांमधला, जॅम आळवणारा घटक) जरा हात सैल सोडून घाला.

वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर दार बंद असेल तर सुमारे ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४ तास. वीज आल्यावर पिशव्या चाचपून बघा. आत अजून बर्फाचे कण लागत असतील तर फळं पुन्हा गोठवायला हरकत नाही, पोत मात्र आणखी उतरेल. अशा पिशव्यांवर खूण करून त्या शिजवण्यासाठी वेगळ्या ठेवा. पूर्ण वितळलेली, पण फ्रीजइतकी गार असलेली फळं त्याच दिवशी शिजवून टाका. जी कोमट झाली आहेत किंवा ज्यांना आंबूस वास येतो, ती टाकून द्या.